वहीपासून सहीपर्यंत

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या गावांत, वाड्यावस्त्यांवर, कोणी स्वयंपाक करताना, कोणी डेअरीला दूध घालून परत येताना आपला कार्यक्रम ऐकत असाल.

बारावीचे निकाल लागले की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. या वेळीही आला. एका आईने विचारलं, "पोरीला कॉमर्सला चांगले मार्क पडलेत. ती सीए करायचं म्हणते. घरात सगळे म्हणतात, पाच-सहा वर्षं थांबायचं कोणी? आणि एवढं शिकून शेवटी हिशोबच लिहायचा ना?"

त्या माउलीचं शेवटचं वाक्य आमच्या डोक्यातून जाईना. शेवटी हिशोबच लिहायचा ना! हिशोब कोण लिहितो, तो कोणाला वाचता येतो आणि खाली सही कोणाची असते, एवढ्यावरून आपल्याच मातीत एकेकाळी आग पेटली होती. म्हणून आज आधी तो इतिहास सांगतो. त्या आईचं उत्तर शेवटी देऊ.

गोष्ट दीडशे वर्षांपूर्वीची. आपल्या शिरूर तालुक्यातलं करडे गाव. डिसेंबर १८७४ मध्ये काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध कोर्टातून हुकूमनामा मिळवला. कर्ज दीडशे रुपयांचं. त्यापायी घरावर जप्ती आली, घर पाडायला सुरुवात झाली आणि गाव चिडलं. गावाने सावकारावर बहिष्कार टाकला. त्याच्या शेतात कोणी राबेना, त्याच्याकडे कोणी पाणी भरेना, न्हावी त्याची हजामत करेना. करड्याचं पाहून आजूबाजूच्या गावांनीही तेच केलं.

पुढच्या उन्हाळ्यात याहून मोठं घडलं. सुपे हे गाव आज बारामती तालुक्यात आहे. तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होतं आणि आपल्या दौंडकडचा मुलूखही त्याच भीमथडीत मोडायचा. सुप्याची बाजारपेठ मोठी, सावकारांची दुकानं बरीच. १२ मे १८७५ रोजी आसपासचे शेतकरी तिथे जमले. त्यांनी सावकारांकडे मागितल्या त्या वह्या आणि कर्जाचे दस्त. मिळाले ते रस्त्यावर आणून जाळले. दुकानांतलं धान्य लुटलं गेलं, काही घरांना आगीही लागल्या. पण सगळा रोख होता तो कागदांवर. पुढच्या दोनेक महिन्यांत हे लोण पुणे आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतल्या तीसपेक्षा जास्त गावांत गेलं. साडेनऊशेहून अधिक माणसांना अटक झाली. इतिहासाच्या पुस्तकांत याला दख्खनचे दंगे म्हणतात.

आता विचार करा, माणसं चिडली तर वहीच का जाळतील?

याची कारणं बरीच होती. सगळा दोष एकट्या सावकाराचा होता असंही नाही. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं होतं. तिकडचा कापूस बंद झाला म्हणून इकडच्या कापसाला भाव आला आणि कर्ज सहज मिळू लागलं. युद्ध संपलं, भाव पडला, सावकाराने हात आखडता घेतला. त्याच सुमारास सरकारने शेतसारा भरमसाट वाढवला. सारा तर रोखीत भरायचा. मग कुणब्याने जायचं कुठे? पुन्हा सावकाराच्याच दारात.

तिथे खरी गोम होती ती हिशोबात. १८५९ साली एक मुदतीचा कायदा आला. कर्जाचा दस्त तीनच वर्षं चालेल, असं त्यात होतं. व्याज वर्षानुवर्षं साचू नये, हा हेतू. पण झालं उलटंच. दर तीन वर्षांनी सावकार जुना दस्त मोडायचा, थकलेलं व्याज मुद्दलात घालायचा आणि नवा दस्त करून त्यावर अंगठा घ्यायचा.

याने काय होतं ते आपणच मांडून पाहू. हातात पेन असेल तर लिहून घ्या. शंभर रुपये कर्ज, दरमहा शेकडा दोन व्याज, म्हणजे वर्षाला चोवीस. मध्ये काहीच फेडलं नाही असं धरू. तीन वर्षांचं व्याज बहात्तर. नवा दस्त झाला १७२ रुपयांचा. पुढची तीन वर्षं व्याज शंभरावर नाही, १७२ वर. सहाव्या वर्षी दस्त होतो जवळपास २९६ रुपयांचा. नवव्या वर्षी तोच आकडा होतो ५०९. दस्त बदलला नसता आणि व्याज मूळच्या शंभरावरच धरलं असतं, तर नऊ वर्षांनी देणं झालं असतं ३१६. बाकीचे १९३ रुपये आले कुठून? कागद बदलण्यातून.

हे ज्याला समजत होतं त्याच्याच हातात लेखणी होती. ज्याचा अंगठा लागत होता त्याला कागदावर काय लिहिलंय हे वाचता येत नव्हतं. पैसे फेडले तरी पावती मिळत नाही, दस्तात भलतेच आकडे घालतात, अशा तक्रारी शेतकऱ्यांनी सरकारकडे केल्या होत्या. वही तपासता येत नव्हती, म्हणून ती जाळली. आणि ज्या घरातला बाप्या निरक्षर, त्या घरातल्या बाईला त्या वहीत आपल्या घराबद्दल काय लिहिलंय हे कळणार तरी कसं?

दंग्यांनंतर चौकशी आयोग बसला. १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. या कायद्यात तीन गोष्टी फार महत्त्वाच्या होत्या. शेतकऱ्याने पैसे फेडले तर त्याला लेखी पावती मिळाली पाहिजे. वर्षातून एकदा त्याला आपल्या खात्याचा उतारा मागता आला पाहिजे. आणि हवं असेल तर सावकाराने त्याला पासबुक लिहून दिलं पाहिजे. शिवाय शेतकऱ्याचा दस्त गावच्या नोंदणी कामगारासमोर झाला पाहिजे आणि भांडण कोर्टात गेलं तर कोर्टाने नुसता शेवटचा दस्त न बघता कर्जाचा पहिल्यापासूनचा हिशोब काढला पाहिजे.

आज आपल्या बचत गटाच्या पेटीत प्रत्येकीचं पासबुक असतं. आपल्याला त्यात विशेष काही वाटत नाही. पण पासबुक मागण्याचा हक्क आपल्या आजे-पणज्यांच्या वाट्याला केवढ्या रामायणानंतर आला, हे पेटी उघडताना आठवायला हवं.

कायद्याने पावती दिली, पण पावती वाचायची कोणी? इथून गोष्ट शिक्षणाकडे वळते आणि आपल्या दौंड तालुक्यातल्या केडगावला येते. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दुष्काळांत त्यांनी शेकडो विधवा आणि अनाथ मुलींना केडगावला आसरा दिला. तेच मुक्ती मिशन. तिथल्या बायका शेती करत, कापड विणत, छापखाना चालवत. हे सगळं उभं होतं देणग्यांवर. अमेरिकेत बॉस्टनला १८८७ साली रमाबाईंच्या कामासाठी एक संस्था निघाली होती आणि तिने दहा वर्षं मदत करण्याचं कबूल केलं होतं. दुसऱ्याच्या पैशावर शेकडो ताटं वाढायची, तर दाणा आणि दमडी दोन्ही मोजावी लागते. केडगावच्या माळावर एका बाईने हा एवढा कारभार पेलला, तेव्हा कंपन्यांचे हिशोब तपासणारी एकही सनदी बाई जगात नव्हती.

कारण बाईला तो दरवाजा बंदच होता. इंग्लंडात मेरी हॅरिस स्मिथ नावाच्या बाई हिशोबाचा धंदा स्वतः चालवत होत्या. १८९१ साली त्यांनी तिथल्या सनदी लेखापालांच्या संस्थेकडे सभासदत्व मागितलं. नकार मिळाला. संस्थेच्या सनदेत सभासदाचा उल्लेख पुरुष म्हणून होता, बाई बसणार कशी? पुढे १९१९ साली बायकांवरची बंदी उठवणारा कायदा झाला आणि १९२० मध्ये त्यांना सभासदत्व मिळालं. जगातल्या त्या पहिल्या सनदी लेखापाल बाई. तेव्हा त्यांचं वय होतं पंचाहत्तर.

आपल्याकडे हा व्यवसाय रुजला तो मुंबईत. १९१३ साली कंपनी कायदा आला आणि कंपनीचे हिशोब कोणी तपासायचे याला पात्रता लागू झाली. त्याच साली मुंबईत सिडनहॅम कॉलेज सुरू झालं, व्यापारशिक्षणाचं. १९१८ साली मुंबई सरकारने हिशोबशास्त्राची सरकारी पदविका सुरू केली. तिला जी.डी.ए. म्हणत. नुसती परीक्षा देऊन भागत नव्हतं. जाणत्या लेखापालाच्या हाताखाली उमेदवारीही करावी लागे. सुताराचा किंवा सोनाराचा पोरगा जसा आधी हाताखाली राबतो, तसंच. १९३२ च्या नियमांनी देशभरासाठी एक नोंदवही केली आणि त्यात नाव असलेल्याला रजिस्टर्ड अकाउंटंट म्हणू लागले.

त्या नोंदवहीत बाईचं नाव घालायला मद्रासच्या आर. शिवभोगम पुढे आल्या. जन्म १९०७ चा. स्वातंत्र्याच्या चळवळीत परदेशी मालावर बहिष्कार घालणाऱ्या, खादी विकणाऱ्या. त्यासाठी त्यांनी वेल्लोरच्या तुरुंगात वर्षाची शिक्षा भोगली. बाहेर आल्यावर १९३३ साली त्या जी.डी.ए. पास झाल्या, असं करणाऱ्या देशातल्या पहिल्या बाई. पण तुरुंगात गेलेल्याला लेखापाल म्हणून नाव नोंदवता येणार नाही, असा नियम आडवा आला. त्यांनी त्याविरुद्ध दाद मागितली, जिंकल्या आणि १९३७ साली स्वतःचं ऑफिस थाटलं. पुढे १९५५ ते १९५८ या काळात त्या लेखापालांच्या दक्षिण विभागाच्या अध्यक्ष होत्या.

मधल्या काळात देश स्वतंत्र झाला. संसदेने सनदी लेखापालांचा कायदा केला आणि १ जुलै १९४९ पासून तो लागू झाला. भारतीय सनदी लेखापाल संस्था उभी राहिली. तिचे पहिले अध्यक्ष मुंबईचे जी. पी. कपाडिया. पहिल्या वर्षी देशभरात सभासद होते जेमतेम सतराशे. आज चार लाखांच्या वर आहेत. त्यांत बायका किती वाढल्या हे पुण्यातल्या कुठल्याही सीएच्या ऑफिसात डोकावलं तर दिसतं.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे येऊ. शेवटी हिशोबच लिहायचा ना? नाही, ताई. हिशोब लिहिणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा. लिहिणारा रोजकीर्द लिहितो, खतावणी करतो, वर्षाअखेर ताळेबंद मांडतो. तपासणारा विचारतो, या खर्चाची पावती कुठे आहे? वहीत शिल्लक पन्नास हजार दिसते, ती पेटीत खरोखर आहे का? बँकेचा उतारा वहीशी जुळतो का? हे कर्ज वसूल होणार म्हणता, मग दोन वर्षांत एक हप्ता का नाही आला? एवढं सगळं बघून तो सही करतो. त्या सहीवर विसंबून बँक कर्ज देते, सरकार कर ठरवतं आणि ठेवीदार पैसे ठेवतो. जाणूनबुजून खोटी सही केली तर सनद जाऊ शकते. १८७५ साली सुप्यात असा एकही माणूस नव्हता ज्याच्यावर सावकाराचा आणि कुणब्याचाही विश्वास बसेल. सीए म्हणजे तो तिसरा माणूस.

आणि त्याची गरज आपल्याला रोज आहे. न्हावऱ्याला घोडगंगा, पाटसला भीमा, हे कारखाने आपल्याच ऊस उत्पादकांचे. गावोगाव दूध संस्था, विकास सोसायट्या, पतसंस्था. रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीत कंपन्या. सहकारी संस्थांसाठी १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा आहे. त्यानुसार दरवर्षी लेखापरीक्षण व्हावं लागतं आणि लेखापरीक्षक नेमायचा अधिकार वार्षिक सभेचा असतो, सरकारने मान्य केलेल्या यादीतून. म्हणजे सभासद म्हणून तुमचासुद्धा. पुढच्या वार्षिक सभेत चहा-पोहे खाऊन परत येऊ नका. उठून विचारा, आपला लेखापरीक्षक कोण? ऑडिट वर्ग अ मिळाला, ब मिळाला की त्याखालचा? मागच्या वर्षी काढलेल्या चुका दुरुस्त झाल्या का?

आता परीक्षेबद्दल खरं ते सांगतो. सीए अवघड आहे. बारावीनंतर फाउंडेशन, मग इंटरमीजिएट, मग फायनल. इंटर आणि फायनलला प्रत्येकी सहा पेपर, दोन गटांत. प्रत्येक पेपरात चाळीस आणि गटाच्या एकूण गुणांत पन्नास टक्के हवेत. इंटरचे दोन्ही गट एकाच वेळी काढणारे बहुतेक वेळा शंभरात वीससुद्धा नसतात. म्हणून पोरगी एकदा नापास झाली तर ती हुशार नाही असं समजू नका. या परीक्षेत नापास न होता पुढे गेलेले थोडेच. आणि वयाची वरची अट नाही.

दुसरी अडचण भाषेची. पेपर इंग्रजीतून किंवा हिंदीतून लिहायचा असतो, मराठीतून नाही. झेडपीच्या शाळेत शिकलेल्या मुलीला पहिलं वर्ष इंग्रजी शब्दांशी झुंजण्यातच जातं. पण हिशोब तोच असतो. ताळेबंदाला बॅलन्स शीट म्हणायला जीभ वळायला वेळ लागतो, इतकंच.

तिसरी अडचण रस्त्याची. आर्टिकलशिप म्हणजे जुनी उमेदवारीच. पूर्वी तीन वर्षांची होती, आता दोन वर्षांची. त्यात थोडं विद्यावेतनही मिळतं. पण बरीचशी ऑफिसं पुण्यात. दौंडच्या मुलीला निदान पुण्याची गाडी तरी आहे. शिरूरला रेल्वे नाही. नगर रस्त्याने शिक्रापूर आणि वाघोलीच्या गर्दीतून एसटीने जायचं, दिवसाचे तीन-चार तास रस्त्यावर. संध्याकाळी उशीर झाला की घरचे काळजीत आणि शेजारीपाजारी बोलायला मोकळे. आमच्या पाहण्यात मुली परीक्षेने कमी आणि या उशिराने जास्त थांबतात. इंटर झालेली, आर्टिकलशिप लागलेली मुलगी, आणि मध्येच स्थळ येतं. "लग्नानंतर कर की," असं सगळे म्हणतात. मग ते कधी होत नाही.

सरळ बारावीनंतर जमत नसेल तर दुसरी वाट आहे. तालुक्याच्या कॉलेजात बीकॉम करायचं. पंचावन्न टक्के पडले तर फाउंडेशन न देता थेट इंटरला नोंदणी करता येते. आणखी एक वाट कमी लोकांना माहीत आहे. आपल्या राज्याचं सहकार खातं जी.डी.सी. अँड ए. नावाची पदविका परीक्षा घेतं. पदवीधर हवं, शाखा कुठलीही चालते, पेपर मराठीतून लिहिता येतात. ती पास झाल्यावर, लागणारा अनुभव घेतल्यावर, सहकारी संस्थांचं लेखापरीक्षण करता येतं. लग्न होऊन गावात आलेल्या, पदवी झालेल्या सुनांनी याचा जरूर विचार करावा. आणि सासूबाईंनीही त्यांना तेवढा वेळ द्यावा.

ज्यांना वाटतं आपलं शिकायचं वय गेलं, त्यांच्यासाठी शेजारच्या सातारा जिल्ह्यातली एक गोष्ट. म्हसवडच्या बायकांना स्वतःची बँक काढायची होती. चेतना सिन्हा त्यांच्या सोबत होत्या. १९९६ साली रिझर्व्ह बँकेने अर्ज नाकारला, कारण पुष्कळ बायकांचे अंगठे होते. बायका रडत बसल्या नाहीत. काही महिने लिहा-वाचायला शिकल्या आणि पुन्हा साहेबांपुढे जाऊन म्हणाल्या, कुठलीही रक्कम सांगा, आम्ही तोंडी व्याज काढतो, तुमच्या माणसांपेक्षा लवकर नाही निघालं तर परवाना देऊ नका. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. दस्तावर अंगठा लावून जिथे पूर्वी घरं गेली, तिथेच अंगठेवाल्या बायकांनी व्याजाचं गणित तोंडी करून बँक मिळवली.

तर ताई, तुमचं उत्तर असं. पाच-सहा वर्षं लागतील, कदाचित जास्तही. फी इंजिनिअरिंगच्या मानाने कमी आहे, खर्च होतो तो क्लासला आणि पुण्यात राहायला. तो आधीच मांडून ठेवा, चार नातेवाइकांत बोला, वसतिगृहाची चौकशी करा. लग्नाचं बोलणं आलं तर फायनल होईपर्यंत थांबायला सांगा. पण "हिशोबच लिहायचा ना" असं तिला पुन्हा म्हणू नका. आपल्या भागाने हिशोबापायी घरं गमावली आहेत. आता तुमच्या घरातून हिशोब तपासणारी निघत असेल, तर तिच्या संध्याकाळच्या गाडीची वाट बघणं हेच आपलं काम.

एक योगायोग सांगून थांबतो. १ जुलैला आपल्याकडे कृषी दिन असतो, वसंतराव नाईकांच्या जयंतीचा. त्याच दिवशी देशभर सीए दिनही असतो. शेतीचा दिवस आणि हिशोबाचा दिवस एकच. या १ जुलैला आपापल्या गटाची वही उघडा. लिहिणारी एक, तपासणारी दुसरी, आणि सही दोघींची. घरात शाळेत जाणारी मुलगी असेल तर तिला शेजारी बसवा.

पुढच्या वेळी भेटू. तोवर वही नीट ठेवा, पावती फेकू नका. नमस्कार.